उरलेल्या जागेतला काळोख

गॉथिक रॉकच्या कार्यक्रमात सगळ्यात लख्ख उजेड कधी असतो, तर दोन बँडच्या मधल्या पंधरा-वीस मिनिटांत. हॉलचे दिवे लागतात, लोक बिअरच्या रांगेत उभे राहतात आणि स्टेजवर चार-पाच जण ड्रम उचलत, केबली गुंडाळत, जमिनीवर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या शोधत फिरत असतात. टूरवरची माणसं या वेळाला चेंजओव्हर म्हणतात. प्रेक्षकांच्या लेखी ही नुसती खोळंबण्याची वेळ. पण दोन-तीन बँड एकत्र टूरवर निघाले की त्यांचं जमणार की फाटणार, ते गाण्यांपेक्षा इथं जास्त लवकर कळतं.

पोस्ट-पंक, म्हणजे पंकच्या पाठोपाठ आलेलं रॉक, आणि त्याच्याच पोटातून आलेलं गॉथिक रॉक हे उरल्यासुरल्यावर वाढलेलं संगीत आहे, असं माझं मत. दुसऱ्याच्या टूरवर, दुसऱ्याच्या ड्रमवर, दुसऱ्याने सोडलेल्या अर्ध्या तासात त्याचा बराचसा घाट ठरला. वरच्या पट्टीत फिरणारा बास, ड्रमरच्या जागी मशीन, धूर आणि मागून येणारा एकच निळा झोत, हे सगळं पुढे शैली म्हणून मिरवलं गेलं. मुळाशी बरेचदा टंचाई होती.

हजारेक माणसांच्या क्लबातलं साधं वेळापत्रक घ्या. दुपारी तीनला सामान आत. सातला दारं उघडणार. साडेसातला पहिला बँड, तीस मिनिटं. सव्वाआठला दुसरा, चाळीस मिनिटं. सव्वानऊला मुख्य बँड. अकराला बंद. यातला अकराचा आकडा हलत नाही, कारण तो परवान्यातला असतो आणि ओलांडला की दंड. हलतं ते खालचं सगळं. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, उलट्या क्रमाने होतो: मुख्य बँड आधी, मग दुसरा, शेवटी पहिला. शेवटी तपासणाऱ्याचं सामान तसंच स्टेजवर राहतं आणि दारं उघडल्यावर तोच आधी वाजवतो, म्हणून ही पद्धत. ती सोयीची आहे, पण तिच्यामुळे ट्रक तासभर उशिरा आला तर त्याची झळ नेमकी सगळ्यात लहान बँडला बसते. पहिली पंगत लांबली की दुसऱ्या पंगतीच्या पानात काय पडणार, तसलाच प्रकार.

मग साउंडचेकच्या जागी उरतो लाइन चेक. प्रत्येक माईक, प्रत्येक केबल एकेकदा वाजवायची, आवाज येतोय एवढं बघायचं, की झाली सुरुवात. अशा वेळी अनुभवी बँड पहिलं गाणं विचार करून निवडतात: सगळी वाद्यं पहिल्या मिनिटातच वाजतील, पण नाजूक असं काहीच नसेल. कारण त्या गाण्यात साउंड इंजिनिअर खरं तर मिक्स बांधत असतो. नुसत्या आवाजाच्या आणि एका सुराच्या जोरावर सुरू होणारं गाणं पहिलं ठेवलं, तर गायकाचा माईक पहिल्या कडव्यात बुडतो आणि तिसऱ्या ओळीत शिट्टी मारतो. तीस मिनिटांत पाच-सहा गाणी बसतात. बाउहाउस या बँडचं 1979 चं पहिलंच गाणं नऊ मिनिटांच्या वर जातं. सपोर्टला, म्हणजे मुख्य बँडच्या आधी, उभं राहून ते वाजवायचं म्हणजे एक तृतीयांश वेळ एकाच गाण्याला देऊन टाकायचा. त्यांची छाती होती!

सामानाच्या वाटणीचेही ठरलेले रिवाज आहेत. मुख्य बँडचा ड्रमसेट चाकांच्या चौथऱ्यावर मागे असतो आणि तो कुणी हलवत नाही. सपोर्टचा ड्रमसेट त्याच्या पुढे लागतो, म्हणजे स्टेजची दोनेक मीटर खोली गेली. गायक जवळजवळ कडेवर. नाहीतर मग दोघांत एकच सेट वापरायचा. त्यातही स्नेअर (कडकडणारा छोटा ड्रम), झांजा, किकचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) पेडल आणि बसायचं स्टूल प्रत्येकाने आपापलं आणायचं, कारण फुटतं-तुटतं ते हेच. माईकच्या चॅनलचंही, म्हणजे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरवरच्या एकेका वाटेचंही, तसंच. पूर्ण ड्रमसेटला साधारण आठ चॅनल जातात. बत्तीस चॅनलच्या मिक्सरवर मुख्य बँडने चोवीस अडवली असतील, तर उरलेल्या आठांत सपोर्टचा अख्खा संसार.

इथं एक बारकावा सांगण्यासारखा आहे. या संगीताची लाडकी गिटार अँप म्हणजे रोलंडचा जॅझ कोरस 120. ट्रान्झिस्टरचा असल्यामुळे व्हॅल्व्ह फुटण्याची भानगड नाही, आपटला तरी टिकतो, आणि त्याचा तो थंडगार, पाण्यासारखा हलणारा कोरस ओळखू येतोच. पण हा कोरस तयार कसा होतो ते बघा. आत दोन स्पीकर आहेत. कोरस चालू केला की एकातून साधा आवाज येतो, दुसऱ्यातून किंचित वर-खाली डोलणारा, आणि दोन्ही मिसळतात ते हवेत. म्हणजे समोर उभ्या माणसाला कोरस ऐकू येतो. सपोर्ट बँडच्या वाट्याला गिटारसाठी एकच चॅनल आलं आणि माईक साध्या स्पीकरपुढे लागला, की हॉलभर सपाट, कोरडी गिटार. डोलणाऱ्या स्पीकरपुढे लागला, तर गिटार बेसूर असल्यासारखी भासते. गिटारवाला स्टेजवर खूश, बाहेर बोंब. उपाय दोन: दोन माईक मिळवा, किंवा अँपचा कोरस बंद ठेवून आधीच पायाने दाबायच्या इफेक्टच्या पेडलमधून तो घाला, म्हणजे दोन्ही स्पीकरांत सारखाच जातो. दुसरा उपाय स्वस्त आणि भांडणाशिवायचा.

बासची गोष्ट याहून सरळ. जॉय डिव्हिजन बँडचा पीटर हुक बास इतक्या वरच्या पट्टीत का वाजवायचा, याचं त्याने स्वतः दिलेलं उत्तर असं की गिटारच्या दणक्यात खालचे सूर त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हते. वरचे यायचे. पुढे चाळीस वर्षं शेकडो बासवाले त्याच पट्टीत फिरत राहिले, आणि त्यांतल्या कित्येकांकडे चांगले अँप होते.

ड्रम मशीनवर मात्र थांबायला हवं. लीड्सच्या सिस्टर्स ऑफ मर्सीने आपल्या मशीनला डॉक्टर अॅव्हलाँश असं नाव देऊन बँडचा सदस्यच करून टाकलं. सुरुवातीला ते होतं बॉसचं डीआर-55, ज्यात जेमतेम चार आवाज. टूरच्या हिशेबाने मशीन म्हणजे वरदान: जेवत नाही, झोपायला जागा मागत नाही, आठ चॅनलांऐवजी दोन ते चार घेतं आणि चेंजओव्हर दहा मिनिटांवर आणतं. आज त्याच जागी बहुधा लॅपटॉप असतो. पण खरा ड्रमर असला की स्टेजवर त्याचा आवाज आपोआप असतो; मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर) गेले तरी ताल ऐकू येतो. मशीनचा आवाज फक्त मॉनिटरमधूनच. तो गेला की बँडच्या पायाखालची जमीनच जाते, आणि मशीन थांबत नाही, पुढे निघून जातं. म्हणून इतर काही मागा न मागा, मशीनसाठी एक मॉनिटर वेगळा मागून घ्यावा.

दुसरी चूक म्हणजे सगळे ताल डाव्या-उजव्या अशा दोनच चॅनलांत पाठवणं. क्लबच्या सबवूफरवर किक गडगडायला लागली, की ती कमी करताना स्नेअरही मरते, कारण दोन्ही एकाच तारेत. किक वेगळी, स्नेअर वेगळी, बाकी सगळं दोन चॅनलांत, अशी चार दिली तर इंजिनिअर हॉलप्रमाणे जुळवून घेऊ शकतो. लाइन चेकला नेहमी सगळ्यात जोरकस गाणं वाजवावं. हळू गाण्यावर पातळी लावली तर चौथ्या गाण्याला आवाज फाटतो. लॅपटॉप चार्जरला लावला की येणारी घूंऽऽ ही बहुतेक वेळा अर्थिंगच्या वेटोळ्याची असते. ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (यंत्राचा आवाज मिक्सरकडे नेणारी छोटी पेटी) लावून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की ती जाते. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारेही महाभाग आहेत. त्यांना स्टेजवरून खाली उतरवावं, कारण उद्या ओल्या हाताने माईक धरणारा दुसराच कुणी असतो. आणि जुनी मशीनं घेऊन अमेरिकेतून युरोपात येणाऱ्यांनी मागची पाटी वाचावी: तिकडचं 120 व्होल्टचं यंत्र इकडच्या 230 मध्ये तसंच खुपसलं तर डॉक्टर जागीच दगावतो.

या सगळ्या उसनवारीचा कळस 1979 मध्ये झाला. सूझी अँड द बॅनशीज दुसऱ्या अल्बमची टूर करत होते, सोबत सपोर्टला द क्युअर हा नवखा, तिघांचा बँड. 7 सप्टेंबरला स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनला कॅपिटल थिएटरमध्ये कार्यक्रम. त्या दुपारी रेकॉर्डच्या दुकानात सह्या देण्याच्या कार्यक्रमात बाचाबाची झाली आणि गिटारिस्ट जॉन मकाय व ड्रमर केनी मॉरिस हे दोघे तिथून जे निघाले ते परत आलेच नाहीत. हॉल भरलेला, अर्धा बँड गायब. क्युअर नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजवत राहिले. मग गायिका सूझी आणि बासिस्ट स्टीव्हन सेव्हरिन स्टेजवर आले, झाला प्रकार लोकांना सांगितला, आणि क्युअरच्याच साथीने बॅनशीजचं एक लांबलचक गाणं करून रात्र निभावली.

टूर बुडाली असती. ती वाचली ती अशी: ड्रमवर स्लिट्स या बँडबरोबर वाजवलेला बजी आला, आणि गिटारवर क्युअरचा रॉबर्ट स्मिथ. उरलेल्या टूरभर स्मिथ रोज रात्री दोनदा स्टेजवर चढला. आधी स्वतःच्या बँडचा गायक-गिटारिस्ट म्हणून, मग चेंजओव्हर, मग बॅनशीजच्या कडेला उभा राहून फक्त गिटार. मकायची गिटार म्हणजे फ्लँजर या आवाज घुसळणाऱ्या पेडलमधून खरवडलेले, नेहमीच्या कॉर्डच्या चौकटीत न बसणारे सूर. ते दुसऱ्याने काही दिवसांत उचलायचे आणि रोज वाजवायचे, म्हणजे दुसऱ्याचं अक्षर गिरवण्यासारखी शिकवणी. स्मिथने पुढे मुलाखतींत म्हटलं आहे की या टूरने त्याची क्युअरबद्दलची कल्पनाच पालटली. मे 1979 चा क्युअरचा पहिला अल्बम आणि एप्रिल 1980 चा दुसरा लागोपाठ ऐकले की मधे काहीतरी घडलंय हे सांगावं लागत नाही. पहिला चटपटीत, तुकड्या-तुकड्यांचा. दुसरा रिकामा, धुक्यातला, एकाच लयीत चालणारा. मधे त्यांचा बासिस्ट मायकेल डेम्प्सी बँड सोडून असोसिएट्समध्ये गेला होता, आणि हे असोसिएट्स म्हणजे त्याच वर्षअखेरीच्या टूरवर क्युअरच्या सोबतीला असलेला बँड. माणसांचीही देवघेव अशी, केबलींसारखी.

सपोर्टचा मुख्य झाला की तोही कुणाला तरी सोबत घेतो, त्याची एक माळच आहे. बाउहाउसने 1982-83 च्या सुमारास ब्रॅडफर्डच्या सदर्न डेथ कल्टला टूरवर नेलं. त्याचा गायक इयन अॅस्टबरी पुढे द कल्ट घेऊन मोठा झाला. कल्टने 1986 च्या सुरुवातीला युरोपच्या टूरवर वेन हसी आणि क्रेग अॅडम्सच्या नव्या बँडला घेतलं. हे दोघे सिस्टर्स ऑफ मर्सीतून नुकतेच फुटलेले, आणि नावावरून तिकडचा गायक अँड्र्यू एल्ड्रिच याच्याशी जुंपलेली. शेवटी नाव बदलून द मिशन झालं. मिशनने मग ऑल अबाउट ईव्हला सोबत नेलं. तीन टूर, आणि एका दशकातल्या ब्रिटिश गॉथचा निम्मा नकाशा.

कुणाबरोबर कोण, हे ठरवताना सगळ्यात सोपी चूक म्हणजे सारख्याला सारखं जोडणं. तीन बँड, तिघांचाही बास कोरसमधून, तिघांचंही मशीन एकाच गतीने, तिन्ही गायक खर्जात. दुसऱ्या बँडच्या अर्ध्यावर कान बधिर होतात आणि मुख्य बँड येतो तेव्हा त्याच्या आवाजाला काही नवलच उरत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर 1979 मध्ये बझकॉक्सने सपोर्टला जॉय डिव्हिजन घेतला, तिथं अंतर बरोबर होतं: एकाची गाणी तीन मिनिटांची, उड्या मारणारी; दुसऱ्याची गारठलेली. मुख्य बँडला अशी जोडी महागात पडू शकते, हा भाग वेगळा. अंतर फार झालं तर काय होतं तेही दिसलेलं आहे. 1991 मध्ये सिस्टर्स ऑफ मर्सी आणि हिप-हॉपमधले पब्लिक एनिमी अमेरिकेत एकत्र निघाले. कल्पना म्हणून आजही मला ती त्या काळातली सगळ्यात धाडसी जोडी वाटते. तिकिटं खपली नाहीत, काही ठिकाणी कार्यक्रमालाच विरोध झाला आणि टूर अर्ध्यावर गुंडाळावी लागली. त्यामानाने 2024 च्या शरदात सायकेडेलिक फर्झ आणि जीझस अँड मेरी चेन यांनी उत्तर अमेरिकेत काढलेली टूर व्यवहारी. दोघांचे चाहते वयाने सारखे, आवाज वेगळे, आणि एकट्याने जो हॉल अर्धा भरला असता तो दोघांत मिळून भरायचा.

धुराबद्दल थोडं. स्टेजवर दोन प्रकार असतात. फॉग म्हणजे दाट लोट, येतो आणि विरतो. हेझ म्हणजे विरळ, तासन्तास टिकणारं धुकं, ज्यात झोत दिसतात. गॉथ बँडला दोन्ही हवे असतात, आणि सिस्टर्सनी तर स्वतःला दिसेनासं करण्याइतका धूर ही आपली खूणच केली. पण हॉलमधले आग सांगणारे सेन्सर बरेचदा धुराच्या कणांवर चालतात, म्हणून आठवडाभर आधी हॉलला विचारून ते कार्यक्रमापुरते वेगळे काढून घ्यावे लागतात. नाही विचारलं तर दुसऱ्या गाण्याला भोंगा आणि सगळे रस्त्यावर. (मेकअपच्या खोलीतला केसांचा स्प्रेसुद्धा हा भोंगा वाजवू शकतो, आणि या मंडळींच्या खोलीत स्प्रे किती उडतो ते वेगळं सांगायला नको.) धूर तोंडावर सोडला की गायकाचा घसा बसतो, यंत्र ड्रमच्या मागे ठेवून पंख्याने वर ढकलावा. फरशी निसरडी होते. पायाजवळची पेडलं दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या कडेला अंधारात चमकणारी पट्टी. आणि दिव्यांच्या माणसाला द्यायच्या कागदावर एकच ओळ पुरते: समोरचा उजेड बंद, मागून निळा किंवा पांढरा. सपोर्टला दिव्यांचा थोडाच भाग मिळतो. या संगीताला तेवढाच लागतो. फोटोग्राफर तेवढे कुरकुरतात.

हॉलबाहेरचा निम्मा त्रास रस्त्याचा. झोपायच्या बसमध्ये बारा ते सोळा बंक. मुख्य बँड आणि त्यांची माणसं मिळून बारा झाली तर उरलेले चार सपोर्टला, भाड्यातला वाटा घेऊन. नियम दोन, आणि कुणीही मोडायचे नाहीत: पाय गाडीच्या पुढच्या दिशेला करून झोपायचं, कारण ब्रेक लागला तर आपटतील ते पाय, मान नाही, आणि बसच्या संडासात फक्त लघवी. युरोपात ड्रायव्हरने साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबायचं आणि दिवसाला नऊ तासच चालवायचं, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. दोन शहरांतलं अंतर ठरवताना आधी हे बघतात, मग चाहते कुठं आहेत ते.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून कागद वाढले. माणसांना 180 दिवसांत 90 दिवसच राहण्याची मुभा. सामानाला एटीए कार्ने, म्हणजे परत आणायच्या बोलीवर सामान तात्पुरतं नेण्याचा जकातीचा कागद: प्रत्येक गिटार, अँप, पेडल, क्रमांक आणि किमतीसह यादीत, आणि संघात शिरताना व बाहेर पडताना शिक्का. मोडलेली गिटारही परत न्यावी लागते, नाहीतर ती तिकडे विकली असा अर्थ होतो. दोन बँडनी पैसे वाचवायला एकच कार्ने काढला तर एक फट राहते: सपोर्ट बँड आठवडाभर आधी घरी निघाला की त्याच्या अर्ध्या यादीचं काय करायचं? वेगळे काढावेत. टी-शर्ट तर कार्नेत बसतच नाहीत, कारण ते विकायलाच चाललेले असतात. त्यांची घोषणा आणि कर निराळा.

आणि खरा हिशेब त्या टी-शर्टांचाच. सपोर्टला मिळणारं मानधन डिझेलमध्ये जातं. उरलं तर शर्टांतून. पण कित्येक हॉल विक्रीतला वाटा घेतात, वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत. समजा शर्ट 25 पौंडांना विकला, शिवून-छापून 8 ला पडला आणि हॉलने 25 टक्के घेतले, तर करापूर्वी हातात 10 पौंड 75 पेन्स. काहीही न विकता हॉलला सव्वासहा. 2022 मध्ये ब्रिटनमधल्या फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन या कलाकारांच्या संघटनेने असा वाटा न घेणाऱ्या हॉलांची यादीच जाहीर केली. तिकिटांच्या बाबतीत 2023 मध्ये क्युअरने अमेरिकेत 20 डॉलरची तिकिटं ठेवली, तर काहींवर तिकिटाहून जास्त शुल्क लागलं. स्मिथ जाहीरपणे भडकला, आणि तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीने स्वस्त तिकिटांमागे 10 व बाकीच्यांमागे 5 डॉलर परत केले. मोठ्या बँडने आवाज चढवला तर एवढं होतं. सपोर्टला तो पर्याय नाही; शर्टाचा भावही त्याला बरेचदा मुख्य बँडहून कमी ठेवता येत नाही.

त्याने करायचं ते एवढंच: शेवटचं गाणं संपल्यावर पाच मिनिटांत बँडमधलं कुणीतरी टेबलामागे उभं असलं पाहिजे, कारण त्यांचे शर्ट खपतात ते त्या चेंजओव्हरमध्ये, मुख्य बँड सुरू झाला की संपलं. काळ्या कापडावर छापताना खाली पांढऱ्या रंगाचा थर मागून घ्यावा, नाहीतर काळ्यावर चित्राचे रंग फिके, मळकट दिसतात. आणि मीडियम-लार्जच्या जोडीला एक्स्ट्रा लार्ज आणि त्याच्यावरचे भरपूर आणावेत. 1982 साली विशीत असलेला प्रेक्षक अजून येतो, पण त्याचं माप आता ते राहिलेलं नाही.